कुंडी आपलीच होती, मंजू

रडून झालं? मग तोंडावर पाणी मार आणि आतल्या खोलीचं दार लोटून बस. श्रीकांतरावांना सांग, ताईचा फोन आहे, थोडा वेळ हाक मारू नका. मी रागवायला फोन केलेला नाही. तू मघाशी जे भरभर सांगितलंस, त्यात एक वाक्य असं होतं की मला पोळी तव्यावरून उतरवून गॅस बंद करावा लागला. तू म्हणालीस, "ताई, पोलीस काही आले नाहीत, म्हणजे वाचलो."

कोण वाचलं, मंजू?

गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेली जास्वंदीची मातीची कुंडी तिसऱ्या मजल्यावरून पडली. खालून शोभाबाई येत होत्या, तुमच्याच घरी, संध्याकाळची भांडी घासायला. कॉलरबोन मोडलं. चार बोटं अलीकडे पडली असती तर आज आपण वेगळंच बोलत असतो. वाचल्या त्या शोभाबाई, आणि त्यात तुझं किंवा माझं कर्तृत्व काही नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, काहीही कबूल करू नका. श्रीकांतराव म्हणाले, दोन हजार देऊ आणि विषय मिटवू. सासूबाई म्हणाल्या, मांजरानं पाडली असेल, आपण काय करणार. तिघांचंही तू ऐकलंस, कारण तिघेही तुझ्या बाजूने बोलत होते. मीही तुझ्याच बाजूची आहे, म्हणून जरा वेगळं सांगते.

तुला माहीत आहे, अपघातांचे दावे चालवणाऱ्या वकिलांकडे मी बावीस वर्षं टायपिंग केलं. वकील मी नाही. पण इतक्या लोकांची मोडलेली हाडं माझ्या बोटांखालून कागदावर गेली आहेत की काही गोष्टी अंगात भिनल्या. त्यातली पहिली ही, की गुन्हा आणि भरपाई यांची खाती वेगळी असतात. निष्काळजीपणाने कोणाला इजा करणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहेच, आणि मोडलेलं हाड 'गंभीर दुखापत' धरलं जातं. दवाखान्यातून पोलिसांना कळलं असेल तर ते अजूनही विचारायला येतील. आले तर जे झालं ते जसंच्या तसं सांग. पण ते आले नाहीत तरी दुसरं खातं उघडंच राहतं. त्याला कायद्याच्या मराठीत 'अपकृत्य' म्हणतात. आपल्या हयगयीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यायचं. तू वाईट आहेस की चांगली, हे तिथे कोणी विचारत नाही. काळजी घ्यायला हवी होती का, घेतली का, आणि न घेतल्यामुळे कोणाचं काय गेलं, एवढंच विचारतात. म्हणून म्हणते, 'मी काय गुन्हेगार आहे का' हा प्रश्न सोड. तू देणेकरी आहेस. देणं फेडता येतं.

या कायद्याचं आपल्याकडे एक पुस्तक नाही. चोरीसाठी आहे, करारासाठी आहे, याच्यासाठी नाही. १८८६ साली सर फ्रेडरिक पोलॉक या इंग्रज कायदेपंडितांनी हिंदुस्थान सरकारसाठी मसुदा करून दिला होता, पण त्याचा कायदा कधी झालाच नाही. त्यामुळे आपली न्यायालयं अजून निकालामागून निकाल लावत हा कायदा विणतात. आणि गंमत नाही, खरंच सांगते, याच पोलॉकांच्या आजोबांनी तुझ्या सासूबाईंच्या मांजराचं उत्तर १८६३ मध्ये देऊन ठेवलं आहे. लिव्हरपूलच्या रस्त्याने एक माणूस चालला होता. पिठाच्या व्यापाऱ्याच्या वरच्या खिडकीतून पिठाचं पिंप त्याच्या अंगावर पडलं. ते कसं सुटलं, कोणी ढकललं, हे कोणी पाहिलं नव्हतं. खालच्या न्यायाधीशांनी पुरावा नाही म्हणून दावा काढून टाकला. वरच्या न्यायालयात थोरले पोलॉक बसले होते. त्यांचं म्हणणं असं, की पिठाची पिंपं आपोआप खिडकीतून खाली येत नाहीत. ज्याच्या ताब्यात पिंप होतं त्याने सांगावं काय झालं ते. रस्त्यावरच्या माणसाने ते कसं शोधायचं? घटनाच बोलते.

मांजरानं पाडली असेलही. पण कुंडी कठड्यावर मांजरानं ठेवली नव्हती ना. पावसापाण्याचे दिवस, दोन वितींचा गुळगुळीत कठडा, ना जाळी ना तारेचा वेढा. मीच गेल्या दिवाळीत म्हटलं होतं तुला. जाऊ दे, ते आता उगाळत नाही.

'घटनाच बोलते' हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते एका आपल्याकडच्या निकालाची प्रत टाइप करताना. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग पोट दुखायला लागलं, ताप चढला. पुन्हा पोट उघडलं तर आत शस्त्रक्रियेच्या वेळचा टॉवेल राहिलेला. ती वाचली नाही. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कोणाच्या हातून राहिला टॉवेल, अमुक डॉक्टरच्या की तमुक, हा घोळ चालूच राहिला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पोटात टॉवेल राहतो तोच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, तो कोणत्या हाताने राहिला हे त्या कुटुंबाने सिद्ध करायची गरज नाही, आणि ती माणसं सरकारच्या नोकरीत होती म्हणून सरकारने भरावं. हे सांगितलं कधी, तर फेब्रुवारी १९९६ मध्ये. जे मूल तेव्हा जन्मलं ते बत्तीस वर्षांचं झालं होतं. मंजू, मी तारखा दोनदा तपासल्या. मला वाटलं टायपिंगची चूक आहे.

कोर्टात न्याय मिळत नाही असं मी म्हणणार नाही, माझी भाकरी त्यावर चालली. पण ज्याचं देणं आहे त्याने स्वतःहून दिलं नाही की समोरच्याचं आयुष्य किती झिजतं, ते मी पाहिलं आहे. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून माणसं कोर्टाच्या आवारात पिंपळाखाली बसून पुकाऱ्याची वाट बघतात. शोभाबाईंना तू तिथे बसवू नकोस.

आता घरमालकाचं. "फ्लॅट आमचा नाही, ग्रिल बसवायला मालकच तयार नव्हता," असं तू म्हणालीस. मालकाकडे त्याचं जे काही मागायचं ते तू नंतर माग. पण कुंडी तुझी, ठेवलीस तू, गॅलरी तुझ्या वापरात. हा प्रश्न काही आपल्या फ्लॅटसंस्कृतीतून आलेला नाही. जुन्या रोममध्ये पाच-पाच मजली भाड्याच्या चाळी होत्या आणि लोक वरून काहीबाही टाकायचे. तिथला नियम असा होता, की वरून काही पडून नुकसान झालं तर त्या घरात राहणाऱ्याने दुप्पट भरून द्यायचं, मग तो मालक असो, भाडेकरू असो की फुकट राहणारा. माणूस मेला तर पन्नास सोन्याची नाणी. आणि मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते पुढचं. रस्त्यावर पडेल अशा जागी काही ठेवलं किंवा टांगलं, तर ते पडायच्या आधीच दहा नाण्यांचा दंड. दीड हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात तुझा कठडा लिहून ठेवलाय बघ.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६६ मध्ये हेच धरलं. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं मेली होती. मनोरा ऐंशी वर्षांचा, आणि तसल्या चुन्यातल्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षं. पालिका म्हणाली, वरून काही दिसत नव्हतं. न्यायालय म्हणालं, रस्त्याला लागून तुमची इमारत असेल तर ती धोक्याची होऊ न देणं तुमचं काम, दोष दिसणारा असो की लपलेला. मात्र न्याय नेहमी असाच सरळ जातो असं समजू नकोस. राजकोटमध्ये १९७५ साली रस्त्यावरचं झाड पडून चालता माणूस गेला, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं नाही. प्रत्येक झाडाची सतत तपासणी करणं पालिकेच्या आवाक्यात नाही, असा त्याचा सूर. मला तो निकाल अजून टोचतो. त्या माणसाची बायको वीस-बावीस वर्षं लढली असेल आणि हाती काही नाही. पण तुझी गोष्ट त्या झाडासारखी नाही. तुझ्याकडे नऊ कुंड्या होत्या. नऊ कुंड्या मोजता येतात.

श्रीकांतराव अजून एक म्हणाले ना, की शोभाबाईंची हाडं आधीच ठिसूळ होती, दुसऱ्या कोणाला नुसतं खरचटलं असतं. हे त्यांना पुन्हा बोलू देऊ नकोस, निदान त्या बाईंसमोर तरी. इंग्लंडमध्ये एका कारखान्यात वितळलेल्या धातूचा थेंब उडून कामगाराचा ओठ भाजला. त्या जागी पुढे कर्करोग झाला आणि तो गेला. मालकाचं म्हणणं, रोग त्याच्या अंगात आधीपासून दबा धरून होता. न्यायालयाने १९६२ मध्ये ते मानलं नाही. ज्याला आपण इजा केली तो जसा आहे तसा आपल्या वाट्याला येतो. पन्नाशीची, चार घरची लादी पुसून गुडघे झिजलेली, दूध परवडत नाही म्हणून हाडं ठिसूळ झालेली बाई, ती तशीच्या तशी तुझ्या कुंडीखाली आली. तिच्या जागी धडधाकट माणूस कल्पून हिशेब करायचा नाही.

आता तुला एक सांगते, जे आईलाही कधी सांगितलं नाही.

वाड्यातल्या नलूकाकू आठवतात? जिन्याखालच्या खोलीत शिवणाचं मशीन असायचं त्यांचं. तू लहान होतीस, तुझ्या बाहुलीला त्यांनी परकर शिवून दिला होता. १९८८ची दिवाळी. मी दहावीत. आईने मला जिना धुवायला सांगितला, मी साबणाचं पाणी ओतलं, घासलं आणि मैत्रिणीने हाक मारली म्हणून पाणी न काढताच खाली पळाले. नलूकाकू वरून चकल्यांचा डबा घेऊन उतरत होत्या. पाचव्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. सगळा वाडा म्हणाला, जिनाच जुना, पायऱ्या झिजलेल्या, वाडामालक काही करत नाही. जिना धुतला कोणी, हे कोणीच विचारलं नाही. आणि मी गप्प बसले.

ते मशीन पायाचं होतं. काकूंना ते पुन्हा चालवता आलं नाही. त्यावर त्यांनी फुलाफुलांचा एक टेबलक्लॉथ टाकला आणि वर रेडिओ ठेवला. मी रोज शाळेत जाता-येता तो टेबलक्लॉथ बघायची. पाच वर्षांनी त्या मुलाकडे नाशिकला गेल्या आणि तिकडेच वारल्या.

पुढे ऑफिसात लागले. भरपाई कशी काढतात ते शिकले. वर्षाची कमाई घ्यायची आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये वाहन अपघातांच्या दाव्यांसाठी त्याचा तक्ताच दिला. एकेचाळीस ते पंचेचाळीस वयाला चौदा. एका रात्री मी घरी त्याच कागदाच्या पाठीवर नलूकाकूंचा हिशेब मांडला. महिन्याला चाळीसेक ब्लाउज, दहा रुपये शिलाई. चारशे रुपये महिना, अठ्ठेचाळीसशे वर्षाला. त्या तेव्हा चव्वेचाळीसच्या. सदुसष्ट हजार दोनशे रुपये. औषधपाणी वेगळं, वेदना वेगळ्या. तेव्हा आपल्या घरात एवढे पैसे नव्हतेच, आणि पंधरा वर्षांच्या पोरीकडे कोणी मागितलेही नसते. पण मी नुसतं सांगितलं असतं ना, तर बाबांनी त्या मशीनला विजेची मोटर बसवून दिली असती. बाबांना तू ओळखतेस. दुसऱ्याच दिवशी बसवली असती. मोटर काही सदुसष्ट हजारांना येत नाही. मी न बोलण्याने त्यांची मोटर गेली, मंजू.

थांब, मला पाणी पिऊ दे.

हां, तर शोभाबाईंचा हिशेब. कागद घे. 'दोन हजार' हा आकडा आला कुठून? तो तुमच्या सोयीतून आलाय. तिच्या नुकसानातून काढ. तुमचं सोडून पाच घरं, घरामागे दोन हजार, म्हणजे महिना दहा हजार. डॉक्टरांनी सहा आठवडे हात गळ्यात बांधून ठेवायला सांगितलाय. म्हणजे पंधरा हजार तर नुसते तेवढ्यातच गेले. पट्टी निघाल्यावर लगेच बादली उचलता येते का? पिळे घालता येतात का? आणखी महिना-दीड महिना धर. त्यात एका घराने दुसरी बाई लावली असं तू म्हणालीस, ते घर परत मिळेपर्यंतचं नुकसानही यातच. एक्स-रे, औषधं, दवाखान्यात जायची-यायची रिक्षा, सगळ्या पावत्या. तुमच्या घरचा पगार तू चालू ठेवणार आहेस, तो पगार म्हणून दे, भरपाईत धरून उपकार दाखवू नकोस.

आणि तिच्या स्वतःच्या घरचं काम? तिथे आता कोण पोळ्या लाटतंय? आठवीतली मुलगी ना? मग तिची शाळा बुडतेय. याचे पैसे कोण धरतं, असं म्हणशील. कोर्ट धरतं. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभाच्या मंडपाला आग लागून पुष्कळ बायका-मुलं गेली, त्या खटल्यात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या बायका कुठेही नोकरी करत नव्हत्या त्यांच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली. २०२१च्या निकालात तर स्पष्टच सांगितलं, की घर सांभाळणारीचं काम हे काम आहे आणि त्याचं उत्पन्न धरायचं. घरकाम करणाऱ्या बाईच्या घरचं घरकाम तेवढं फुकट, असं कुठल्याही निकालात लिहिलेलं नाही.

हा आकडा चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाईल. जाऊ दे. एकदम जमत नसेल तर तसं तिला सांग, पण महिन्याचा हप्ता ठरव आणि पहिल्या तारखेला तिच्या दारात नेऊन दे, तिला तुझ्या दारात बोलवू नकोस. घराचा विमा काढलाय का बघ. काही विम्यांत दुसऱ्याला झालेल्या इजेचा भाग असतो. मदतीला माझ्या पाटल्या आहेत, तो विषय आपण नंतर बोलू.

एका बाबतीत मात्र तुझ्या पाया पडते. पैसे देताना 'आता माझी काही तक्रार नाही' असं लिहून त्यावर तिचा अंगठा किंवा सही घेऊ नकोस. सेक्रेटरी कागद तयार करून आणतील, बघ. हाड नीट जुळतंय का, खांदा पुरता वर जातोय का, हे तीन महिन्यांनी कळेल. त्याआधी तिच्याकडून हक्क सोडून घेणं म्हणजे दुखण्याचा फायदा उठवणं. मी असे कागद टाइप केले आहेत. नोकरी होती, केले. ज्यांच्या सह्या त्यावर होत्या त्यातले काही परत आले, हात वाकडा राहिल्यावर, आणि त्यांना सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. दिलेल्या पैशांची साधी नोंद ठेव, तारीख आणि रक्कम, दोघींच्या वहीत. शेवटची तडजोड करायची वेळ येईल तेव्हा तिच्या बाजूनेही कोणी जाणतं माणूस असू दे.

ते माणूस तिला कुठून मिळणार, तर ते तूच सांगायचंस. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात, हेही तिला कळू दे. श्रीकांतराव म्हणतील, आपल्याच विरुद्ध वकील कुठे मिळतो ते आपणच सांगायचं? हो. तिला ठाऊक नाही म्हणून तुम्हाला कमी द्यावं लागलं, तर त्या वाचलेल्या पैशाचं काय करशील? नव्या कुंड्या आणशील?

श्रीकांतराव वाईट नाहीत. घाबरलेत. घाबरलेला माणूस आधी आकडा लहान करतो. त्यांना हा हिशेबाचा कागद दाखव, वाद घालू नकोस. बँकेत आहेत, आकड्यांवर त्यांचा विश्वास बसेल.

मी उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने निघते, दहापर्यंत पोचेन. तोवर कठड्यावरच्या आठही कुंड्या खाली जमिनीवर उतरवून ठेव, आजच, दिवे लागायच्या आत. दवाखान्याच्या पावत्या ज्या तुझ्याकडे आहेत त्या एका पिशवीत घाल. आपण दोघी शोभाबाईंकडे जाऊ. बोलायचं तूच, मी नुसती शेजारी बसेन. "कुंडी आमची होती, ती तिथे ठेवायला नको होती," एवढं म्हटलंस की पुढचं बोलणं आपोआप सुचेल.

त्या राहतात कुठे? काय म्हणालीस? सहा वर्षं येतायत ना तुझ्याकडे?

बरं. खाली जा आणि वॉचमनकाकांना विचार, त्यांना माहीत असेल. गल्लीचं नाव, घराची खूण, सगळं नीट लिहून घे. मी फोन चालू ठेवते.